नाममुद्रा आणि मालकी

कबीराच्या नावाने माळव्यात जी भजने गायली जातात, त्यांतली कितीतरी कबीराची नाहीत. जुन्या पोथ्यांत ती सापडत नाहीत, त्यांची भाषा काशीची नसून उज्जैन-देवासकडची माळवी असते, आणि काहींत तर चक्क आगगाडीचे रूपक येते. तरी शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे कवीचे नाव, कबीराचेच. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर ही भजने गातात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी आणि त्यांच्याबरोबर माळव्यातल्या असंख्य मंडळ्यांनी रात्र रात्र जागून ती गायली आहेत. ज्या अनामिक गायकांनी त्यांत कडवी घातली, चाली बदलल्या, नवी पदे रचली, त्यांनी आपली रचना दुसऱ्याच्या नावावर केली. आज आपण ज्याला साहित्यचोरी म्हणतो, तिच्या नेमकी उलट ही कृती आहे. चोर दुसऱ्याचे घेऊन स्वतःचे नाव लावतो, यांनी स्वतःचे दिले आणि नाव दुसऱ्याचे लावले. स्वामित्वहक्काच्या कायद्यात या कृतीला जागाच नाही, कारण तो कायदा ‘हे माझे’ या उद्गारापासून सुरू होतो. मग प्रश्न असा पडतो : जुने गाणे नव्याने गाणारा, त्यात बदल करणारा, त्याचा रीमिक्स करणारा कलावंत कोणाचे देणे लागतो? आणि ते देणे मालकाचे असते की आणखी कशाचे?

हा प्रश्न २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात फार टोकदार रूपात उभा राहिला. धाकटे डागर बंधू, म्हणजे नासिर झहिरुद्दीन आणि नासिर फैयाजुद्दीन, ‘शिवस्तुती’ हे ध्रुपद गात असत. ‘पोन्नियिन सेल्वन’च्या दुसऱ्या भागात ए. आर. रहमान यांनी दिलेले ‘वीरा राजा वीरा’ हे गाणे त्याच्यावरून घेतले आहे, असा फैयाजुद्दीन यांचे पुत्र वासिफुद्दीन डागर यांचा दावा होता. रचना पारंपरिक आहे, ती कोणा एकाची नाही, असे रहमान यांचे उत्तर. २५ एप्रिल २०२५ रोजी एकल न्यायाधीशांनी डागरांना श्रेय देण्याचा आणि दोन कोटी रुपये न्यायालयात भरण्याचा अंतरिम आदेश दिला. २४ सप्टेंबरला खंडपीठाने तो रद्द केला. एखादी रचना गायली म्हणजे ती रचली असे सिद्ध होत नाही, गाणारा वेगळा आणि कर्ता वेगळा, असा त्यांचा रोख होता. कायद्याच्या चौकटीत दोन्ही निकालांना आपापली तर्कशुद्धता आहे. पण दोन्हीकडे शोध चालला होता तो एकाच गोष्टीचा, मूळ कर्त्याचा. कर्ता सापडला तर सगळे त्याचे, सापडला नाही तर कोणाचेच नाही. या दोहोंच्या मध्ये काही असू शकते, गाणे कोणाच्या मालकीचे नसतानाही गाणाऱ्यावर कोणाचे तरी ऋण असू शकते, ही शक्यता त्या चौकटीत बसत नाही. माझे म्हणणे असे की आपल्या धर्मपरंपरेने गाण्याचा विचार मालकीच्या नव्हे, ऋणाच्या भाषेत केला. तो विचार भोळा नाही, आणि आजच्या कायद्याची पारख करायला तो पुरेसा कणखर आहे.

उज्जैनला अंकपात भागात सांदीपनींचा आश्रम दाखवतात. भागवताच्या दहाव्या स्कंधात कथा येते : कृष्ण-बलराम इथे राहून चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले आणि निघताना गुरुदक्षिणा काय देऊ असे विचारू लागले. गुरूने पत्नीशी बोलून प्रभासच्या समुद्रात नाहीसा झालेला आपला मुलगा परत मागितला. या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. विद्या फुकट नव्हती. तिचा मोबदला मागितला गेला, आणि तो सर्वात अवघड असा मागितला गेला. पण मोबदला घेऊनही गुरूने विद्येवर ताबा ठेवला नाही. मी शिकवलेले अमुक ठिकाणी वापरू नकोस, वापरलेस तर मला विचार, त्यात बदल करू नकोस, असे सांदीपनी म्हणत नाहीत. याच्या पाठीशी वैदिक काळापासूनची कल्पना आहे. ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो, त्यांतले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने, फिटते, असे तैत्तिरीय संहिता सांगते. पुढे धर्मविचाराने अध्ययनाला अध्यापनाची जोड दिली. म्हणजे घेतलेले पुढे देणे हीच परतफेड. ज्याच्याकडून घेतले त्याची परवानगी हा इथे मुद्दाच नाही, आणि घेतले हे विसरण्याची मुभाही नाही. मालकीचा विचार घेणाऱ्याला दारातच अडवतो. ऋणाचा विचार त्याला आत घेतो आणि मग आयुष्यभर सोडत नाही.

ऋण मान्य करण्याची पहिली खूण म्हणजे नाव घेणे. ज्या कालिदासाचे नाव उज्जैनशी कायमचे जोडले गेले आहे, आणि १९५८ पासून जिथे त्याच्या नावाने समारोह भरतो, त्याने शकुंतलेची कथा महाभारतातून उचलली आणि आपल्या मतीने पार बदलली. शापाचा प्रसंग त्यानेच आणला, मूळचा निबर दुष्यंत त्यानेच सोसण्याजोगा केला. त्याच कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्ल, कविपुत्र या आधीच्या नाटककारांची नावे आदराने घेतली, आणि जुने आहे म्हणून सगळे चांगले नसते हेही तिथेच ठणकावून सांगितले. पूर्वसूरींचे नाव आणि त्यांच्यापासून स्वातंत्र्य, दोन्ही एकाच प्रवेशात. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच शाकुंतलाचे मराठी संगीत नाटक केले, आणि मराठी रंगभूमीचे एक युग सुरू झाले. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या वर बारीक अक्षरात ‘चाल’ असा शब्द आणि पुढे ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचा निर्देश छापलेला असतो. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदे, कानडी मुलखातली गाणी, जिथून चाल मिळाली तिथून घेतली. ती घेतली हे लपवले नाही आणि घेण्याची लाजही वाटली नाही. भजनी मंडळांच्या छोट्या पुस्तिकांत आजही सिनेमाच्या गाण्याचे नाव असेच छापलेले दिसते. ही एक ओळ मला फार मोलाची वाटते. रीमिक्सची इतकी सरळ, इतकी निर्मळ नीती दुसरीकडे क्वचितच आढळेल. अमुक गाण्यावरून घेतले आहे, शब्द माझे आहेत, आता ऐका.

आणि नाव पुसले गेले तेव्हा भक्तिपरंपरा गप्प बसली नाही. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवरचे अभंग आहेत. ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटामुळे हे पात्र आपल्या ओळखीचे झाले, पण राग गाथेतला आहे. संतांची वचने मोडून, दुसऱ्याचे ते आपले म्हणून त्यांनी मिरवले, असा तो ठपका आहे. हे तेच तुकोबा, जे आपल्या वाणीचे कर्तेपण वारंवार विठ्ठलाकडे सोपवतात आणि स्वप्नात नामदेवांनी आपल्याला कवित्वाला लावले असे सांगतात. शब्द माझे नाहीत म्हणणारा माणूस ते चोरले गेले म्हणून का संतापतो? यात विसंगती आहे असे वाटते, पण नाही. अभंग गायला म्हणून ते रागावलेले नाहीत. ते तर गायले जावेत यासाठीच होते. राग आहे तो मुद्रा बदलण्याचा, म्हणजे ऋण नाकारून मालकी सांगण्याचा. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत आलेला धागा सालोमालो तोडतो आणि स्वतःपासून नवा सुरू झाला असे भासवतो. माळव्यातला अनामिक भजनी कबीराचे नाव घालतो तेव्हा तो याच धाग्याला स्वतःला बांधून घेत असतो.

आता आपला कायदा या कसोटीवर लावून पाहू. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने कर्त्याच्या हयातीनंतर आधी पन्नास आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर साठ वर्षे हक्क दिला. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी चाल लावली आणि लताबाईंनी तो गायला, की शब्द मोकळे आणि चाल बंद अशी अवस्था होते. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्या चालीवरचा हक्क, मग तो कोणाच्याही हाती असो, २०७१ च्या अखेरपर्यंत चालेल. गावोगावची मंडळे ती चाल तुकोबांचीच समजून गातात. देवळात, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिली आहे, लग्नाच्या वरातीलाही दिली आहे. श्रावणात महाकालाच्या सवारीबरोबर चालणाऱ्या भजनी मंडळ्या तिच्या आसऱ्याला आहेत असे म्हणता येईल. पण ती मुभा किती लांब ताणायची यावर वाद आहेतच. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लग्नसमारंभ आणि उत्सवांपर्यंत ही मुभा नेणारे जे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. मंडळाने ध्वनिमुद्रण करायचे ठरवले, तर २०१२ साली आलेले कलम ३१सी लागते. मूळ ध्वनिमुद्रण झाल्यावर पाच वर्षे थांबायचे, किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरायची (बोलीभाषांसाठी ही संख्या कमी करण्याची तरतूद आहे), आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत किंवा चालीत बदल करायचा नाही. शेवटची अट मला सर्वात गैर वाटते. जसेच्या तसे उतरवून काढणाऱ्याला रस्ता मोकळा आणि त्यात स्वतःची भर घालणाऱ्याला मनाई. सर्जनशीलतेला उत्तेजन देण्यासाठी केलेल्या कायद्याने नक्कल सोपी केली आणि निर्मिती अवघड.

त्याहून बोलके आहे कलम ५२ए. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर काय छापले पाहिजे हे ते सांगते : मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष. चाल कुठून आली हे छापणे त्या यादीत नाही. किर्लोस्करांच्या काळी जी ओळ पदाच्या डोक्यावर होती, ती कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक ठरली आणि तिच्या जागी मालकाची मुद्रा आली. कलम ५७ मध्ये कर्त्याचा नैतिक हक्क आहे, आर्थिक हक्क विकला तरी नाव आणि रचनेची प्रतिष्ठा त्याच्याकडे राहते. हे कलम ऋणाच्या विचाराच्या सर्वात जवळचे आहे. पण तेही कर्ता ठरल्यावरच चालू होते. परंपरेचे, प्रदेशाचे, मंडळीचे नाव घेण्याचे बंधन ते घालत नाही.

पुन्हा गाणे म्हणजे काय, याचे सर्वात खोल उत्तर मराठी श्रोत्याला उज्जैनच्या शेजारीच, देवासला सापडते. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन तिथे आले. गाणे बंद असताना आजूबाजूची माळवी लोकगीते आणि शीलनाथांच्या धुनीपाशी गाणारे नाथपंथी जोगी त्यांच्या कानावर पडत राहिले. त्यातून निर्गुणी भजनांचे त्यांचे गायन उभे राहिले, लोकधुनांतून नवे राग उगवले. हेच कुमार पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम करतात. गंधर्वांची गाणी त्यांनी जशीच्या तशी गायली नाहीत, आणि कार्यक्रमाच्या नावातच तसे सांगून टाकले. मूळ कोणाचे, आणि इथे दिसते आहे ती समज कोणाची, दोन्ही तीन शब्दांत. ‘स्वयंवर’, ‘मानापमान’ची पदे लिहिणारे खाडिलकर १९४८ साली वारले, म्हणजे पन्नास वर्षांच्या जुन्या मुदतीनेही कुमारांच्या हयातीत त्या शब्दांवरचा हक्क जिवंत होता. कोणी हट्टाने बदलास मनाई केली असती, तर मराठी संगीताचे केवढे नुकसान झाले असते याचा विचार करावा. आणि आता उलट बाजू अशी की कुमार १९९२ साली गेले, त्यांच्या बंदिशी २०५२ पर्यंत संरक्षित राहतील. माळव्याच्या धुनेतून उगवलेल्या त्या रचना पुन्हा माळव्यातल्या कोणा तरुणाने बदलून मुद्रित करायच्या तर परवानगी लागेल. ज्यांच्या धुना होत्या त्यांना मात्र कोणी कधी परवानगी मागितली नव्हती, आणि कायद्याने मागण्याची गरजही नव्हती.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंपरा खुली होती हे चित्रच खोटे आहे, असे कोणी म्हणेल. वेद ऐकण्याचाही अधिकार जातीने नाकारणाऱ्या समाजाने ज्ञान मोकळे ठेवले होते असे कसे म्हणता? ते खरेच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या यासाठीच, की कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये यावर मालकी सांगणारे लोक होते. संगीतातही घराण्यांनी बंदिशी तिजोरीत ठेवाव्या तशा ठेवल्या. भातखंड्यांना त्या मिळवताना किती विनवण्या कराव्या लागल्या, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापून त्यांनी त्या सर्वांना खुल्या केल्यावर किती घराणी दुखावली, हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. काव्यशास्त्रातही राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दुसऱ्या कवीचे शब्द आणि अर्थ घेण्याचे प्रकार अध्यायच्या अध्याय खर्चून मांडले, आणि तिथे त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही नोंदवले. तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही आणि मला आहे, अशा कारणांनी घेणे क्षम्य ठरते, असे ते मत आहे. हजार वर्षांपूर्वीचे हे वाक्य आजच्या एखाद्या मोठ्या संगीत कंपनीच्या तोंडी सहज शोभेल. म्हणून मी परंपरेचा सरसकट कैवार घेत नाही. परंपरेत मालकीही होती आणि लूटही होती. पण त्या दोहोंवर आतूनच टीका करणारा आवाजही होता, संतांचा. त्यांनी वाणी सर्वांना खुली केली, आणि मुद्रा बदलणाऱ्याला क्षमा केली नाही. मी ज्याला प्रमाण मानतो तो हा आवाज आहे, घराण्याचा किंवा राजसभेचा नव्हे.

दुसरा आक्षेप पोटाचा. सांदीपनींना शिष्य होते, दरबारी गवयांना राजे होते, आजच्या गीतकार-संगीतकाराकडे रॉयल्टीवाचून काय आहे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गायकांना रॉयल्टी हवी म्हणून लताबाई झगडल्या, आणि त्यापायी रफींशी त्यांचा दुरावा आला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा जो वाटा दिला, जो त्यांनी सही करूनही सोडता येत नाही, त्यामागे जावेद अख्तर यांचा संसदेतला आग्रह होता. पण या सगळ्या लढाया पैशाच्या वाट्यासाठी होत्या, दुसऱ्याला गाण्यास मनाई करण्यासाठी नव्हत्या. ऋणाच्या विचाराला पैसा वर्ज्य नाही. दक्षिणा हा त्याचा गाभाच आहे. कमाई झाली की वाटा द्यावा, ठरलेल्या दराने, न चुकता. पैसा मागणे आणि तोंड बंद करणे हे दोन हक्क वेगळे करता येतात. कायद्याने ते एकाच गाठीत बांधले, आणि पहिल्याचे न्याय्यपण दुसऱ्याला आपोआप मिळाले.

तिसरा आक्षेप भाविकांचा आहे. कोणीही काहीही बदलू लागला तर उद्या अभंग डीजेच्या भिंतीवर नाचवले जातील, पावित्र्याचे काय? त्रास होतो हे खरे. पण पावित्र्याचा पहारेकरी नेमला की काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. रवींद्रनाथांच्या गाण्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते, आणि त्यांची मुदत संपत आली तेव्हाच साठ वर्षांची दुरुस्ती झाली. हक्क होते त्या काळात विश्वभारतीचे संगीत मंडळ ध्वनिमुद्रणांना संमती देत असे. देवव्रत विश्वास यांच्यासारख्या थोर गायकाच्या मुद्रणांवर मंडळाने आक्षेप घेतले आणि शेवटी त्यांनी मुद्रण करणेच सोडले. आज बंगाली घरांत त्यांचे गाणे प्रेमाने ऐकले जाते. वाईट रीमिक्स विसरला जातो, त्याला काळ पुरेसा आहे. थांबवलेले गाणे मात्र परत मिळत नाही.

खरी अडचण या तिन्ही आक्षेपांच्या पलीकडे आहे. नाव घ्या म्हणतो, पण कोणाचे? वाटा द्या म्हणतो, पण कोणाला? शीलनाथांच्या धुनीवरच्या जोग्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. माळव्यातल्या कबीर मंडळ्यांत दलित समाजाचे गायक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी जी भजने जपली, ती शहरी मंचावर आणि अल्बममध्ये इतरांच्या नावाने पोचली. माझ्या मते याची सुरुवात छापील ओळीपासून करता येईल. ध्वनिमुद्रणावर मालकाचे नाव सक्तीचे असेल तर उगमाचेही असावे : माळवी निर्गुणी, अमुक मंडळीकडून, अमुक गावी ऐकलेली. उगम व्यक्ती नसेल तर गाव लिहावे, पंथ लिहावा. चालीत बदल करण्याची मनाई ३१सी मधून काढावी आणि तिच्या जागी बदल केला असे सांगण्याचे बंधन घालावे. अनाम उगमाच्या गाण्यातून जी कमाई होते तिचा ठरावीक हिस्सा त्या प्रदेशातल्या शिकणाऱ्या मुलांवर खर्च व्हावा, कारण ऋषिऋण फिटते ते पुढच्याला शिकवूनच. यात हिशेबाचे घोळ होतील, खोटे उगम सांगितले जातील, हेही उघड आहे. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरेल. क्षिप्रेच्या घाटांवर देशभरातल्या मंडळ्या गातील, हजारो मोबाइल ते टिपतील, आणि त्यातले कितीतरी काही तासांत कोणाच्या तरी वाहिनीवर, कोणाच्या तरी नावाने चढेल. यूट्यूबची यंत्रणा ध्वनीशी ध्वनी जुळवून त्यातल्या कशावर कोणाचा दावा लागतो ते ठरवील. घाटावर गाणाऱ्याचे नाव तिला विचारता येणार नाही. ते विचारण्याचे काम टिपणाऱ्याचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.